सूपभर कोंडा

डाक्टर जवा पहिल्यांदा बोलला, की दमीला कुनाचंच रक्त चालत नाय, तवा मी त्याला तोंडावरच विचारलं, "का? ती काय आभाळातून पडली?"

राग आला मला. येनारच ना! सकाळपासून मुंबईच्या त्या मोठ्या इस्पितळाच्या फरशीवर बसून अंग बधिर झालेलं. नि हा पोरगेलासा डाक्टर, नाकावर चश्मा, हातात काचेची पट्टी, नुसता आत-बाहेर करत होता. दर खेपेला बाहेर आला की त्याचं तोंड आधीपेक्षा पांढरं दिसायचं. आतमध्ये आमची पोर विझत चालली होती, नि हा काचेकडं बघत बसला होता.

मी पुतळाबाय, कोपरखैरन्याच्या कोळीवाड्यातली. मच्छी विकते. खाडीकाठच्या गावांत माझी हाक घराघरात ओळखतात, नि माझं तोंडही. ही गोष्ट अठ्ठावन्न सालची. आता पावने गावाच्या बाजूला कारखान्यांच्या भिंती उठायला लागल्यात, तवा तिथं निव्वळ चिखल नि चिंबोऱ्या. दमी म्हंजे दमयंती, माझ्या सखूची लेक. सखू आगरी आळीतली, मिठागरात राबनारी. आमची जात येगळी, आळी येगळी, पन आमच्या दोघींच्या पोटातलं एकमेकीला न सांगता कळायचं. तसली मैत्रीन मिळायला नशीब लागतं.

दमी पहिल्या बाळंतपनाला माहेरी आली होती. काशी सुईनीनं पोर सुटी केली, मुलगी झाली, गोरीपान. पन वार अर्धी आतच अडकली. रक्त काय थांबेना. गोधडीवर गोधडी बदलली, शेवटी काशी बोलली, "माझ्या हातातलं नाय हे, मुंबई गाठा."

गाठा म्हंजे काय, तर मधे खाडी! नि नेमकी रात्रीची ओहोटी. बाळ काशीपाशी ठेवलं नि माझ्या कोंडूनं होडी काढली. कोंडू, माझा एकुलता एक, ईस वर्षांचा, खांदे असे की वल्हं मोडेल. होडी चिखलात रुतली तवा त्यानं कमरेपर्यंत उतरून ती ढकलत पान्यापर्यंत नेली. दमीचे दोघं भाऊ, वामन नि शिवा, त्याच्या मदतीला. दमी डोळे मिटून पडलेली. कोंडू सारखा बोलत होता, "दमीताय, झोपायचं नाय हां. झोपलीस तर मी पान्यात टाकीन तुला." लहानपनापासून असाच चिडवायचा तिला. मानखुर्दच्या किनाऱ्याला लागलो, एका ट्रकवाल्याच्या पाया पडलो नि इस्पितळात आलो.

तिथं त्यांनी दमीच्या हाताला सलाईन लावलं. एक मोठी डाक्टरीनबाई होती, पिकल्या केसांची. ती बोलली, "ऑपरेशन करावं लागेल, पिशवी काढावी लागेल. पण अंगात रक्तच उरलेलं नाही. आधी रक्ताची बाटली चढवायची, मग हात लावायचा. नाहीतर टेबलावरच जाईल."

मंग चढवा की! पन चढवनार कुठलं?

आधी त्यांच्याकडच्या बाटल्या बघितल्या. मंग सखूचा नवरा देवजी, त्याचं बघितलं. सखूचं बघितलं. वामनचं, शिवाचं. दमीचा नवरा हिरामण धावत आला होता, त्याचं. शेवटी माझंही बघितलं. मी इतकी भांडत होते म्हनून त्या चश्मेवाल्यानं मला आत बोलावून दाखवलंच. काचेवर दमीच्या रक्तातलं पानी, त्यात माझ्या रक्ताचा थेंब. मी बघतेय तोवर त्या थेंबाचा चोथा झाला. नासलेल्या दुधागत.

"हे बघितलंत?" डाक्टर बोलला. "सगळ्यांचं असंच होतंय. जे रक्त कुणालाही दिलं तरी चालतं असं आम्हाला शिकवलं, त्याचंसुद्धा. चढवलं तर हिच्या अंगात हेच होईल."

"मंग ही मानूस हाय की कोन?"

त्यानं काच खाली ठेवली. "पाच-सहा वर्षांपूर्वी याच मुंबईत असं रक्त पहिल्यांदा सापडलं. तोवर जगात कुणाला ठाऊकच नव्हतं. दोन-चार माणसं निघाली फक्त. मी वाचलं होतं नुसतं. आज डोळ्यांनी पाहतोय." नि बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत चमक आली. खरं सांगते, एक थोबाडीत द्यावीशी वाटली. आमची पोर मरतेय नि ह्याला नवल सापडलंय! पन लगेच त्याचा चेहरा पडला. त्यालाही भीती वाटत होती, ते मला मागनं कळलं.

बाहेर येऊन त्यानं सखूला विचारलं, "तुमचं लग्न नात्यातलं का?"

"हां. आतेच्या पोराला दिली मला. आमच्यात तसंच करतात."

"तेच ते," तो बोलला. "आईबाप एकाच घराण्यातले असले की कधी कधी मुलांत असं रक्त उतरतं. सगळ्यांत नाही, एखाद्यात. म्हणजे हिला रक्त देऊ शकेल असं माणूस सापडलं, तर ते सख्ख्या भावंडांतच सापडेल. बाहेर शोधायला वेळ नाही आणि सापडणारही नाही. हिला भाऊ-बहिणी किती?"

"दोन भाऊ. हे काय, बसलेत."

"हे दोघं झाले. आणखी?"

सखूनं माझ्याकडं बघितलं नाय. लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "नाय."

"नीट आठवा. कुणाला दत्तक दिलेलं, परगावी असलेलं?"

"नाय बोलले ना सायब. तीनच माझी."

मी झटकन तिच्याकडं वळले. कारन सखूचं चौथं पोर त्या टायमाला खाली इस्पितळाच्या आवारात, चिखलानं भरलेल्या लंगोटीवर, झाडाखाली बसलं होतं. माझा कोंडू.

हे तुमाला सांगायला पायजे, नायतर कळनार नाय.

सखूचा दमीच्या पाठचा पोरगा गेला. त्याच्या पाठचाही गेला. तवा तिची सासू गोजरा बोलली, ह्या घरात देवी मुलगे ठेवत नाय, तर घरातला म्हनून ठेवूच नका. विका. आमच्याकडं रीतच हाय ती. पोर सुपात ठेवायचं, दारातून दुसरीनं हाक मारायची, कोंडा देऊन पोर घ्यायचं. मंग त्याचं नाव कोंडू ठेवायचं, म्हंजे देवीला वाटतं, हे कुनी टाकलेलं, कवडीमोलाचं पोर हाय, ह्याला नेऊन काय करायचं. लोक चार दिवसांनी पोर परत आनतात. सखूनंही तसंच केलं होतं. तिसरा पोरगा चुलत जावेला विकला नि पाचवीला परत आनला. तो बाराव्या दिवशी गेला.

"खोटं विकलंत," गोजरा बोलली. "देवीला काय येडी समजलात?"

मंग चवथा झाला. ह्या खेपेला गोजरेनं खरं गिऱ्हाईक शोधलं. मी. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झालेली, कूस रिकामी. माझा नवरा रोहिदास रोज खाडीवरनं यायचा नि दारात पोराचा आवाज नाय म्हनून मुकाट जेवायचा. मी सूपभर कोंडा घेऊन सखूच्या दारात गेले. हाक मारली, "काय विकायचं हाय का गो?" आतनं सखूचा आवाज आला, रडका, पन पक्का, "हाय. घेऊन जा." मी सूप ओतलं, पोर उचललं, नि मागं न बघता घरी आले.

गोजरेची अट होती. पोराचं लगीन होईस्तोवर कुनी तोंडातून काढायचं नाय की हा सखूचा. ज्या दिवशी शब्द बाहेर पडेल त्या दिवशी देवी आपला माल उचलेल. सखूनं देवीसमोर हात ठेवला. मीही ठेवला. माझ्या अंगाला दूध कुठलं? सखू रोज आमच्याकडं यायची. दारातून बोलायची, "पुतळा, तुझं पोर भुकेलंय गो." नि पदराखाली घ्यायची त्याला. पोटच्या पोराला 'तुझं पोर' बोलायची नि पाजायची. मी चुलीकडं तोंड करून बसायचे, बघवायचं नाय मला.

पोर जगला. त्याच्या पाठी वामन नि शिवाही जगले. मंग काय, गोजरेचा शब्द म्हंजे देवीचा शब्द झाला. सगळं गाव गप्प. कोंडू मोठा झाला, विचारायला लागला, माझं नाव असं का? तवा मी त्याला उलटं सांगितलं. बोलले, तू जगावास म्हनून मी तुला सखूकाकीला विकला होता, नि मंग परत आनला. त्याला गंमत वाटायची. सखूला चिडवायचा, "काकी, मला सस्त्यात सोडलास गो! अजून दोन सुपं मागायची." सखू हसायची. कशी हसायची तिची तिला माहीत.

तर ही सखू डाक्टरला बोलली, तीनच माझी.

मी तिला हाताला धरून व्हरांड्यात ओढली. "सखू, येडी झालीस का तू? लेक मरतेय आत!"

"बघतेय ना."

"मंग बोल की! खाली बसलाय तो!"

तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. इतका दाबला की माझे दात ओठांत घुसले. "गप! दमीला मी नाय मारत. तिचं नशीब मारतंय. पन कोंडूला माझं तोंड मारेल. एकाला जगवायला दुसऱ्याचा गळा कापू? मी आई हाय की कसाई?"

"अगो, तुझ्या तोंडानं कोन मरतो?"

"पाचवीला परत आनलेला मेला ना? ह्या हातांवर मेला." तिनं दोन्ही हात माझ्यापुढं धरले. मिठानं चिरलेले हात. "त्याच्या लग्नाचं बघतच होतो ना आपन? माघात मुलगी बघायला जानार होतो ना? एवढ्यासाठी थांबले ईस वर्षं. एवढ्यासाठी काकी झाले."

माझ्याही मनात भीती होती, खोटं कशाला बोलू. देवीची होतीच, नि दुसरीही होती. कोंडूला कळलं की तो सखूचा, तर माझं काय राहिलं? रिकामं सूप? पन आतून दमीचं कन्हनं ऐकू आलं. तिला मी न्हाऊ-माखू घातलेली. मला राग आला. सखूचा, गोजरेचा, त्या देवीचासुद्धा.

"बरं," मी बोलले. "तू बोलू नकोस. मीही बोलत नाय. पन पोर माझा हाय ना? मी विकत घेतलाय. माझ्या पोराचं रक्त मी कुनालाही देईन. त्याला तुझी देवी काय करनार?"

तिला तसंच सोडून मी चश्मेवाल्याकडं गेले. "डाक्टर, माझ्या पोराचं रक्त बघा."

"तो हिचा कोण?"

"कोन नाय. होडीवाला."

डाक्टरनं चश्मा काढून डोळे चोळले. "बाई, ऐका. हिचं तपासणीपुरतं रक्त या नळीत उरलंय तेवढंच आहे. आणखी काढायची माझी हिंमत नाही. रस्त्यावरच्या प्रत्येकाचं तपासत बसलो तर हेही संपेल. परक्या माणसाचं जुळणं शक्यच नाही."

"माझा हट्ट समजा."

"हट्टानं रक्त जुळत नाही."

मंग मी काय केलं असेल? त्याच्या खोलीच्या दारात बसकन मारली नि बाजारातला आवाज लावला. तुमी ठान्याच्या मच्छी बाजारात कदी गेला असाल तर तुमाला ठाऊक असेल तो आवाज. शिपाई धावत आले, नर्सा धावत आल्या. "गरिबाचं पोर हाय म्हनून बघत नाय! त्याच्या रक्ताला काय माती लागलीय?" काय वाट्टेल ते बोलले. शेवटी ती पिकल्या केसांची डाक्टरीनबाई आली. माझ्याकडं नीट बघितलं तिनं. बाईमानूस, तिला काय कळलं देव जाने, पन ती चश्मेवाल्याला बोलली, "एक थेंब लागेल. बघा."

कोंडूला वर बोलावलं. चिखल वाळून पायांना पांढरे पोपडे धरलेले. "दमीतायसाठी रक्त? घ्या की! बादलीभर घ्या." हात पुढं केला त्यानं. सखू भिंतीकडं तोंड करून उभी होती.

चश्मेवाला आत गेला. किती येळ गेला कुनास ठाऊक. मी देवीला बोलत होते, जुळू दे. नि लगेच बोलत होते, नको जुळू दे. एकाच तोंडानं दोन्ही. लाज वाटली मला.

दार उघडलं. डाक्टर बाहेर नाय आला, दारातच उभा राहिला. हातात काच होती. त्यानं डाक्टरीनबाईला आत बोलावलं. मंग आनखी दोघं कोट घातलेले पळत आले. आतून काय आवाज येईना. मंग तोच बाहेर आला, ती काच तशीच हातात, नि आमच्या सगळ्यांसमोर धरली. दमीच्या रक्तातलं पानी, त्यात कोंडूचं रक्त. साधं, गुळगुळीत, लाल. कुठं चोथा नाय, कन नाय.

"जुळलं," तो बोलला. "मी पुन्हा पुन्हा पाहिलं. हेही तसलंच रक्त आहे."

हिरामणनं हात जोडले. देवजी मटकन खाली बसला. तो बाप, त्याला सगळं ठाऊक.

डाक्टर कोंडूकडं वळला. "तुझी आई कोण?"

"ही काय," कोंडूनं माझ्याकडं बोट केलं.

डाक्टरनं मला बघितलं, मंग सखूला, मंग परत कोंडूला. भोळा होता बिचारा. त्याला काय ठाऊक आमच्या घरात काय पुरलेलं हाय. तो आपला आनंदात, "काहीतरी लपवताय तुम्ही. लाखांत शोधून एक सापडत नाही असं रक्त, आणि दोघं एका होडीतून येतात? एका गावची? माझी तर खात्री आहे. ही सख्खी भावंडं आहेत."

झालं. ईस वर्षं सबंध गावानं दाताखाली धरलेला शब्द एका परक्यानं भर व्हरांड्यात टाकला.

सखू किंचाळली नाय. तिच्या घशातून नुसती हवा गेली. ती सरकत सरकत भिंतीला टेकून खाली बसली नि कोंडूकडं बघत राहिली. टक लावून. आता पडेल, आता पडेल, अशी.

कोंडूला आधी हसू आलं. "आई, हा काय बोलतोय?"

मी पदर दातात धरला.

"आई?" त्यानं देवजीकडं बघितलं. देवजीनं मान खाली घातली. वामन-शिवानं तोंडं फिरवली. म्हंजे त्यांनाही ठाऊक होतं, कुनीतरी सांगितलेलं. एकटा तोच राहिला होता सगळ्या गावात. त्याचं हसू तिथंच थिजलं. "तू तर बोललीस... तू बोललीस मला हिला विकला होता." मंग त्याला उमगलं. मला दिसलं ते उमगताना, त्याच्या तोंडावर. पायाखालची होडी सरकल्यागत तो एक पाऊल मागं गेला.

"हिनं विकला मला?" तो सखूकडं बोट दाखवून बोलला. "दमीताय ठेवली, वामन ठेवला, शिवा ठेवला. नि मला सूपभर कोंड्याला?"

नि तो जिना उतरून गेला.

डाक्टरला तवा कळलं त्यानं काय केलंय. "अहो, त्याला थांबवा! आता वेळ नाही, ती..." मी पुढं काय ऐकलं नाय. लुगडं सावरत त्याच्या मागं धावले. वय झालं होतं माझं, पन धावले. आवाराच्या फाटकाशी त्याला गाठला. त्याचं सगळं अंग हुंदक्यानं हलत होतं. एवढा दांडगा पोरगा!

"तू नाय माझी आई?" तो बोलला. "ईस वर्षं नाटक केलंत सगळ्यांनी?"

देवीसमोर ठेवलेला हात आठवला मला. माझ्या तोंडून शब्द निघाला तर ती ह्याला नेईल. नाय नेलं, तरी हा माझा राहनार नाय. दोन्हीकडनं मीच बुडनार. पन वर दमी होती. मनात बोलले, देवी, तोंड माझं हाय, न्यायचं तर मला ने.

"नाय," मी बोलले. "मी नाय तुझी आई. तिच्या पोटचा तू. तिचे तीन मुलगे ओळीनं गेले, त्यातला एक तिच्या हातावर गेला. तू जगावास म्हनून तिनं तुला माझ्या पदरात टाकला नि आजपर्यंत तुला पोटचा बोलली नाय. आता लेकीचा जीव चाललाय तरी बोलली नाय. तू मरशील म्हनून. तुला टाकला नाय रे तिनं. सगळ्यांत जास्त जपला तो तुलाच." मी त्याचं मनगट धरलं. "माझ्याशी काय भांडायचं ते मागनं भांड. मला आई बोलू नकोस, चालेल. पन दमी तुझी सख्खी भन हाय. नि तिला दुसरं कुनी वाचवू शकत नाय. जा वर."

त्यानं नाक पुसलं. नि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. मी तिथंच फाटकाला धरून उभी राहिले. ऊन होतं, लोक येत-जात होते, शेंगदानेवाला ओरडत होता. मला वाटलं आपन कुनाच्यातरी दुसऱ्याच्या जन्मात उभी हाय.

मी वर आले तवा कोंडूला खाटेवर झोपवलं होतं. हातात सुई, खाली काचेची बाटली, नि तिच्यात त्याचं रक्त उतरत होतं, काळपट लाल. सखू दाराच्या चौकटीला धरून उभी. पापनी लवत नव्हती तिची. बाटली भरत आली तसा कोंडूच्या ओठांचा रंग उडाला. कपाळावर घाम आला. नि त्याचे डोळे वर गेले, मान लुळी पडली.

"गेला!" सखू ओरडली. काय ती ओरड! सगळा वॉर्ड उठून बसला. "नेला गो! नेला तिनं!" तिनं कपाळ चौकटीवर आपटलं. मी तिला आवळून धरली, पन मलाही तेच वाटलं. कारन मी बोलले होते ना, माझ्या तोंडानं!

नर्सनं सुई काढली, बाटली उचलून धावत ऑपरेशनच्या खोलीकडं नेली. डाक्टरीनबाईनं कोंडूचे पाय वर केले, गालावर थापट्या मारल्या. मंग आमच्याकडं वळून ओरडली, "अहो, चक्कर आलीय! काही झालेलं नाही! यानं सकाळपासून काही खाल्लंय का?"

खाल्लं कुठलं? रात्रभर होडी नि चिखल, सकाळपासून इस्पितळ.

"श्वास चालू आहे त्याचा. बघा हात लावून," ती बोलली.

सखूनं हात लावला नाय. मी लावला. छाती वर-खाली होत होती. गरम होती.

मंग आमी दोघी त्याच्या खोलीच्या भिंतीला टेकून बसलो. ऊन भिंतीवरनं सरकत गेलं. कोंडू साखरेचं पानी पिऊन गाढ झोपला होता. संध्याकाळच्या सुमारास चश्मेवाला आला. त्याचा कोट रक्तानं भरलेला. आमाला बघून तो आधी खाली बसला, आमच्यासमोर, फरशीवरच. "वाचली," तो बोलला. "शुद्धीवर यायला वेळ लागेल, पण वाचली." मंग खालच्या आवाजात, "मला ठाऊक नव्हतं. मी असं बोलायला नको होतं."

"तू बोललास म्हनून वाचली," मी बोलले. पहिल्यांदा त्याला तू बोलले, पोरासारखा वाटला तवा.

सखूनं हात जोडले. तिच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं, केवढं. त्याला ती विचारत होती, "नि तो? तो राहील ना?" डाक्टरला वाटलं अशक्तपनाचं विचारतेय. "दोन दिवस दूध-अंडी द्या. मजबूत आहे." तो उठून गेला.

तवाच खाटेवर हालचाल झाली. कोंडूनं कूस बदलली. डोळे मिटलेलेच होते. घसा कोरडा पडलेला. नि लहान असताना झोपेतून उठायचा तसाच, अर्धवट, तो बोलला, "आई..."

आमी दोघी एकदम उठलो.

दोघी उठलो नि दोघी तिथंच थांबलो. मला पुढं जाववेना. फाटकाशी मीच त्याला बोलले होते ना, मी नाय तुझी आई म्हनून. आता कुठल्या तोंडानं जाऊ? सखूचा हात त्याच्याकडं गेला होता, अर्धा. ईस वर्षं तिला कुनी अडवलं होतं, आता अडवनारं कोन होतं? सगळ्यांना कळलं होतं, देवीनंही नेला नव्हता. मी बाजूला सरले.

सखूनं त्याच्याकडं डोळे भरून बघितलं. मंग तो हात मागं घेतला, पदराला पुसला, नि परत भिंतीशी जाऊन खाली बसली.

"पुतळा," ती बोलली, "जा ना गो. तुझं पोर हाक मारतंय."